बिटाचं सूप

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आठ! भिंगरीचं हिमोग्लोबिन आठ. कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन बसली खाली. मैत्रिणींनी तोंडावर पाणी मारलं, मग मला फोन. मी वॉर्डात एका बाळंतिणीला समजावत होते — जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही, लिंबू पिळायचं, रक्त आपोआप वाढतं. आणि माझीच पोर तिकडे जिन्यात!

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, आता तुम्हाला मी काय सांगायचं?" हसत म्हणाल्या, पण लागलं. या हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ. दारावर पाटी आहे तशी. साऱ्या वॉर्डांच्या ताटात काय पडायचं ते मी ठरवते, आणि घरच्या ताटाकडे डोळेझाक. त्यांनी बी-बाराचं इंजेक्शन तिथेच टोचलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

गेले काही महिने हिनं मांस, मासे, अंडी सगळं सोडलंय. पृथ्वीसाठी! मी म्हटलं, वय आहे, उतरेल खूळ. नाही उतरलं. बरं, तिनं सोडलं ते सोडलं. त्या जागी ती काय खाते हे बघणं माझं काम होतं. पाव आणि चहावर दिवस काढत होती ती. मला दिसलं नाही. नव्हे, मी बघितलंच नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जेवताना रणकंदन. मी म्हटलं, निदान रक्त भरून येईपर्यंत अंडं तरी खा. भिंगरीनं चमचा आपटला.

"आई, तूच बायकांना सांगतेस ना, डाळी खा, पालेभाजी खा, लिंबू पिळा? मग मलाच वेगळा नियम का?"

"कारण तू माझी आहेस."

"हे काय कारण झालं?"

मग तिचं सुरू झालं. गुरांना चारायला किती जमीन जाते, जंगलं का कापली जातात, त्यांच्या ढेकरांतून कुठला वायू निघतो! तिची ही सगळी वाक्यं पाठ आहेत, कारण कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत तिनं विषयच तो घेतलाय. नवरोबा एसी दुरुस्त करतात. त्यांना अशा वेळी गप्प बसवत नाही. "तापू दे की जग, तुझ्या बापाचाच धंदा वाढेल!" ती उसळली, "बाबा, तुमच्या त्या गॅसवर एक आख्खं भाषण होईल माझं." सासूबाई खुदकन हसल्या. त्या नातीच्या बाजूच्या. त्याही मांस खात नाहीत, फार वर्षं झाली.

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं चूक नाही. मला ठाऊक आहे. मलाच ते चांगलं ठाऊक आहे! पण जिन्यात बसलेली पोर डोळ्यांपुढून हलत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गोळ्यांनी तिच्या पोटात मुरडा येतोय. आज सकाळी पाकीट ओट्यावर टाकून गेली. "नाही झेपत मला त्या." झालं! अंडं नको, मांस नको, आता गोळ्याही नकोत. मी नुसती बघत बसू?

शनिवार, ८ फेब्रुवारी

केलं. आज करून टाकलं.

मटणवाल्याकडून थोडी कलेजी आणली. लोह म्हणाल तर तिच्यासारखं दुसरं नाही. आधी वाफवली, बारीक वाटली, दोनदा गाळली. बीट, टोमॅटो, लसूण, वरून भरपूर मिरी. बिटाचा रंग एवढा गडद की त्यात काहीही लपतं. मी चमच्यानं चाखून बघितलं. मिरीच लागत होती. थोडा मातकट वास होता, पण बिटालाही तो असतोच.

मग साबणानं हात दोनदा धुतले. पेशंटला न सांगता त्याच्या ताटात काही घालायचं नाही, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. पहिल्या दिवशी!

भिंगरी अभ्यासाला बसली होती. तिची आणि सासूबाईंची खोली एकच. वाडगा नेऊन टेबलावर ठेवला. "बिटाचं सूप. गोळ्या नकोत ना, मग हे तरी घे." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी आई, तुला फार त्रास देते ना मी?" मी दार ओढून बाहेर आले. गुन्हा मी करायचा आणि माफी तिनं मागायची.

रविवार, ९ फेब्रुवारी

वाडगा रिकामा आला. पुसून घेतल्यासारखा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हॉस्पिटलात मीटिंग. वरच्या साहेबांच्या डोक्यात आलंय, आठवड्यातला एक दिवस पेशंटना आणि कँटीनमध्ये मांस बंद. हवामानासाठी. मोठ्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, पोषणाला काही कमी पडेल का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभी राहिले आणि छान बोलले. डाळी आणि धान्य एकत्र घ्या, प्रथिनं पूर्ण मिळतात. आंबट काहीतरी सोबत घ्या, लोह अंगी लागतं. बी-बारावर लक्ष ठेवा. म्हाताऱ्यांचं आणि ऑपरेशन झालेल्यांचं वेगळं बघावं लागेल. एकही वाक्य खोटं नव्हतं! टाळ्या पडल्या. आणि माझ्या मनात काय, तर घरच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला डब्यात ठेवलेली कलेजी.

कँटीनचे आचारीकाका नंतर म्हणाले, "बाई, मांस बंद करा नाहीतर चालू ठेवा, पण रोज संध्याकाळी पिंपभर अन्न कचऱ्यात जातं त्याचं काय? ते बघून कुणाचं हवामान बिघडत नाही?" बरोबर आहे त्यांचं. त्यावर पुढच्या वेळी बोलायचं. मला काय, बोलायला येतंच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज सासूबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा सूप उकळत होतं. "वास वेगळाच येतोय," म्हणाल्या. घाईनं म्हटलं, आई, त्यात भिंगरीचं रक्तवाढीचं औषध आहे, तुम्ही घेऊ नका हं, तुमच्या गोळ्यांबरोबर चालायचं नाही. "बरं बाई," म्हणून गेल्या. एक खोटं झाकायला दुसरं. आता सराव होत चाललाय.

त्यांना मात्र मी मांसाचा कण कधी चुकूनही लागू देणार नाही. त्यांचे चमचे, कढई, सगळं वेगळं आहे आणि मी ते सांभाळते. त्यांनी धर्मासाठी सोडलं नाही, की पृथ्वीसाठी. सासरे गेले तेव्हा सोडलं. दोघांना फार आवड होती म्हणे, रविवारी स्वयंपाक सासरेच करायचे, बाईला ओट्याजवळ येऊ द्यायचे नाहीत. ते गेल्यावर यांनी एवढंच सांगितलं — "ते समोर बसलेले नसताना मला तो घास नको." त्यावर कुणी वाद घातला नाही. या घरात आल्यापासून त्यांना एकदाही मोह झालेला मी पाहिला नाही.

भिंगरीनं आकड्यांनी सोडलं, त्यांनी मायेनं सोडलं. दोघी खोलीत बसून खुसुखुसु हसत असतात. मला आत जायची लाज वाटते.

सोमवार, १० मार्च

नवरोबांना सापडलं. बर्फ काढायला फ्रीज उघडला आणि डबा हातात.

"हे कुणासाठी? आपण तर रविवारी खातो."

सांगितलं. ते खुर्चीत बसले. मला वाटलं, काहीतरी विनोद करतील. नाही केला. "तिला कळलं तर?" म्हणाले. म्हटलं, कळणार नाही. "मी ते नाही विचारलं," म्हणाले. मग डबा परत होता तिथे ठेवला, अगदी हळू. "मला यात धरू नकोस. पण मी सांगणारही नाही." म्हणजे धरलंच की!

चिडले त्यांच्यावर. मग स्वतःवर. मग भांडी घासत बसले, घासलेलीच.

मंगळवार, ११ मार्च

आजही केलं. आजही वाडगा रिकामा.

शनिवार, ५ एप्रिल

अकराच्या वर! भिंगरी रिपोर्ट नाचवत घरात शिरली. गालांवर रंग आलाय, जिने धावत चढते. आजीला उठवून गोल फिरवलं. आजींचीही तब्येत सुधारलेली दिसते हल्ली, नातीच्या आनंदानं असेल. डॉक्टरीणबाईंचा मला फोन, "शेवटी आई कुणाची!" माझा जीव भांड्यात पडला. खोटं का बोलू, पिसासारखं हलकं वाटलं. दोन मिनिटं.

मग भिंगरी म्हणाली, "आई, आता मी हा रिपोर्ट स्पर्धेत दाखवणार. समोरचे नेहमी म्हणतात ना, बोलायला ठीक आहे, अंगात रक्त कुठून आणणार? हे बघा म्हणेन. फेब्रुवारीत आठ, एप्रिलमध्ये अकरा, आणि मांसाचा एक कण नाही!"

एक कण नाही.

मी म्हटलं, अगं, वैयक्तिक गोष्टी कशाला चारचौघांत? "खरंय ते दाखवायला लाज कसली?" म्हणाली. हिला मीच वाढवलंय अशी.

रविवार, ६ एप्रिल

जेवण गेलं नाही. नवरोबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या ताटातला रस्सा हळूच आपल्या ताटात ओढून घेतला.

शनिवार, १२ एप्रिल

उपांत्य फेरी जिंकली. रिपोर्टवरच जिंकली, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. परीक्षक म्हणे उभे राहून बघत होते. आता अंतिम फेरीला मोठं सभागृह, बाहेरची कॉलेजं, कुणीतरी त्याचं चित्रण करणार.

एखाद्या मुलीनं ते बघून उद्या सगळं सोडलं, आणि तिच्या घरी वाटून गाळून घालणारी कुणी नसली तर? जिन्यात चक्कर येऊन पडेल ती. तिचं पाप कुणाच्या माथी? माझ्याच. भिंगरीचं तोंड आणि माझं खोटं.

मंगळवार, १५ एप्रिल

सांगून टाकलं.

संध्याकाळी ती बाटलीत पाणी भरत होती. सासूबाई आत पडल्या होत्या. मी म्हटलं, "भिंगरे, त्या सुपात मी कलेजी घालत होते." असंच, एका दमात. सगळी प्रस्तावना ठरवली होती ती विसरले.

तिची बाटली भरून पाणी ओसंडायला लागलं. मीच नळ बंद केला.

"रोज?"

"रोज."

"पहिल्या दिवसापासून?"

मी मान हलवली. मला वाटलं, ओरडेल, फेकेल काहीतरी. मी त्याची तयारी ठेवली होती. ती पांढरीफटक पडली. माझ्याकडे बघितलंच नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. आजीला ऐकू गेलं का, अशी भीती असेल. मग अगदी हळू म्हणाली, "आजीला सांगू नकोस. काही झालं तरी सांगू नकोस." मी तिचा हात धरायला गेले तर मागे सरली.

आजीसमोर आईची लाज राखतेय! तिच्या जागी मी असते तर साऱ्या गावाला सांगितलं असतं.

शुक्रवार, १८ एप्रिल

बोलत नाही. "हो", "नाही", "ठेव तिथे". सूप बंद केलंय. फ्रीजमधला डबा धुऊन पालथा घातला. आज तिच्यासाठी मसूर शिजवून त्यावर लिंबू पिळलं. तिनं माझ्यासमोर भांड्याचं झाकण काढलं, ढवळलं, वास घेतला, मग वाढून घेतलं. ढवळून बघितलं तिनं! तिला हक्क आहे. पण मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मंगळवार, २२ एप्रिल

धीर करून विचारलं, स्पर्धेचं काय? नाव काढून घेणार का? मी येऊन सांगू का परीक्षकांना, की दोष माझा?

"मी बोलणार आहे," म्हणाली.

"रिपोर्ट?"

"दाखवणार आहे."

दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. हिला ठाऊक आहे, तरी दाखवणार? बक्षिसासाठी? मी पोरीला रक्त द्यायला गेले आणि खोटं देऊन बसले.

शनिवार, २६ एप्रिल

अंतिम फेरी. मला बोलावलं नव्हतं. मागच्या रांगेत खांबाआड बसले.

तिच्यासमोर एक चष्मेवाला मुलगा, चांगला तयारीचा. म्हणाला, "ज्यांच्या ताटात निवडायला चार पदार्थ आहेत त्यांनी सोडण्याच्या गप्पा माराव्यात. म्हातारी माणसं, लहान मुलं, अशक्त बायका — यांच्या तोंडचं काढून तुम्ही आकाश थंड करणार?" सभागृहात शिट्ट्या. मीही मनात म्हटलं, वा!

भिंगरी उठली. आवाज जरा बसलेला होता. अशक्तांना सोडायला कुणीच सांगत नाही म्हणाली, ज्यांना जमतं त्यांनी कमी करावं. फेकून दिल्या जाणाऱ्या अन्नाचं बोलली, आचारीकाकांचं पिंप तिनं माझ्याकडूनच ऐकलं असणार. मग रिपोर्ट काढला. आठ, अकरा. टाळ्या. मी डोळे मिटले.

आणि मग म्हणाली, "एक गोष्ट मात्र माझ्या विरोधकांशी मला मान्य आहे. कुणाच्याही ताटात त्याला न विचारता बदल करू नये. काढूही नये, घालूही नये. मग ते कितीही प्रेमानं केलेलं असो. मी लोकांना पटवायला आलेय, फसवायला नाही."

फसवायला नाही! आणि हातात तो कागद!

पहिला नंबर आला. सगळे उभे राहिले. मी बसून होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय मुलगी आहे हो! आईवडिलांचं नशीब." मी उठून बाहेर पडले, एकटीच घरी आले. त्या कपावर काय लिहिलंय तेही मी बघितलं नाही.

रविवार, २७ एप्रिल

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. भिंगरी ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"तू काल आली होतीस. खांबाच्या मागून तुझी पर्स दिसत होती."

म्हटलं, "तू जिंकलीस ते मला नकोय. खोटं बोलून—"

"माझा रिपोर्ट खरा आहे, आई."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. जमिनीकडे बघून, अडखळत. सूप तिनं एकदाही तोंडाला लावलं नव्हतं. वासच नको वाटायचा. पण मी एवढं मायेनं करते म्हणून सांगवेना. गोळ्या तिनं आठवड्याभरातच परत सुरू केल्या होत्या, एक दिवसाआड, जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. बाळंतिणींना वाटायचा माझा तक्ता आहे ना, त्यावरून! चहा सोडला, मोड आलेले मूग डब्यात नेले. मला सांगितलं नाही, कारण मी लगेच "तरी मी म्हणत होते" म्हटलं असतं. म्हटलंच असतं.

माझ्याच तक्त्यानं रक्त वाढलं. आणि माझाच त्यावर विश्वास नव्हता. मला हसू आलं, रडूही आलं. मी तिला जवळ ओढलं. पोर खोटं बोलली नव्हती! फसलीही नव्हती! एवढ्या दिवसांचं ओझं उतरलं. म्हटलं, "मग एवढी रुसून का बसलीस? आणि मेल्या त्या सुपाचं केलंस काय? मोरीत ओतायचीस?"

ती माझ्या खांद्यावरून दूर झाली.

"ओतणार होते. आजी म्हणाली, टाकू नकोस, आण इकडे."

"एकदा?"

"रोज. तुझ्या-माझ्यात गुपित ठेव म्हणाली. आई औषध आहे म्हणते, पण मला काही होत नाही म्हणाली. तिला फार आवडायचं ग." आता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मला कुठे माहीत होतं? तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, तुला हे सांगितलं तर तू तडक जाऊन तिच्या पाया पडशील. तुझ्या पोटात काही राहत नाही. ती मरून जाईल ग."

आम्ही दोघी ओट्याला धरून उभ्या राहिलो. दार वाजलं तेव्हा तिनं नळ सोडून तोंड धुतलं, आणि मी उगाच कांदा चिरायला घेतला.

सोमवार, २८ एप्रिल

सासूबाई दुपारी स्वयंपाकघरात आल्या, स्टूल ओढून बसल्या. जरा वेळ माझे हात बघत होत्या. मग लाजत म्हणाल्या, "रागावू नकोस, पण पोरीचं ते सूप मीच पीत होते. बंद का केलंस? ते तोंडात धरलं की का कोण जाणे, हे समोर येऊन बसल्यासारखे वाटायचे. रविवारचे."

मी म्हटलं, "करते हो आई. उद्या करते."